रेग्युलेटर पिळायच्या आधी पेलेट बघा की!

एअर रायफलच्या नेमबाजीत स्कोअर जरा घसरला रे घसरला की ॲलन की बाहेर! काल ६२०च्या घरात मारणारं पोरगं आज ६१५वर आलं, लगेच "प्रेशर उतरलंय" म्हणून वेग कमी-जास्त करणारा व्हेलॉसिटी स्क्रू पिळायला घेतात. वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला का? नाही. पेलेटचा, म्हणजे शिशाच्या छऱ्यांचा, डबा बदललाय का, एवढं तरी विचारलं? तेही नाही. डोकं फिरतं हे बघून.

१० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा. दशांशात मोजताना पाव मिलिमीटर सरकलं की ०.१ गेला. आता हिशोब करा. १७० मीटर प्रति सेकंदानं निघालेलं पेलेट टार्गेटपर्यंत साधारण १७ मिलिमीटर खाली येतं, १६५नं निघालेलं १८. म्हणजे वेगातल्या ५ मीटर प्रति सेकंदाच्या फरकात ०.४ गुण पाण्यात. वेग सगळ्याच शॉटला सारखा कमी असेल तर साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या भागाच्या, क्लिकनं भागतं. पण एक शॉट १७०नं, दुसरा १६५नं, तिसरा १६८नं जात असेल तर कुठली क्लिक लावणार? हा हलता वेग स्क्रू पिळून थांबत नाही, उलट मूळ सेटिंगही हातचं जातं.

वेग हलायला लागला की आधी लोडिंग प्रोबवरची ओ-रिंग बघा. प्रोब पेलेटला हवेच्या छिद्रापुढं ढकलतो आणि ही इवलीशी रिंग मागची वाट बंद करते. ती चपटी झाली, चिरली की हवा मागं फुटते. ब्रीचच्या, म्हणजे पेलेट भरायच्या जागेच्या, सांध्यावर टिश्यूची बारीक पट्टी ठेवून टार्गेटवर फायर करा. पट्टी उडाली तर रिंग बदला. एवढ्याशा कामासाठी हवेचा दाब सारखा ठेवणारा अख्खा रेग्युलेटर उघडतात, काय म्हणावं याला! आणि पेलेट अंगठ्यानं दाबून वाकडं बसवणं बंद करा. स्कर्टची, म्हणजे पेलेटच्या मागच्या पोकळ भागाची, कड जरा दुमडली तरी शॉट भरकटतो.

आता पेलेट. डब्यावर ४.५० छापलंय म्हणून तुमच्या बॅरलला ते चालेलच असं कुणी सांगितलं? एकाच कंपनीचं, एकाच हेड साइजचं (डोक्याच्या व्यासाचं) पेलेट लॉट, म्हणजे उत्पादनाची खेप, बदलला की वेगळं वागतं. रायफल क्लॅम्पमध्ये धरा. लॉट बदलला की आधी १०-१५ शॉट वाया घालवा, बॅरलला नवं शिसं लागू द्या. मग प्रत्येक लॉटचे १० शॉटचे ग्रुप काढा आणि व्हर्नियरनं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. पेलेटच ४.५ मिलिमीटरचं, त्यामुळं साडेपाचच्या आत ग्रुप आला तर लॉट उचला. सातवर गेला तर तो डबा सरावालासुद्धा नको. चांगल्या दोन लॉटचे आणखी पाच-पाच ग्रुप काढा, कारण एखादा ग्रुप नशिबानंही घट्ट येतो. ज्या कोल्हापूर जिल्ह्यातली तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली, ज्या जिल्ह्यात स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिसचं ब्राँझ आणलं, तिथं अजून लॉट टेस्टिंगला चैन समजतात?

रायफलच्या हवेच्या सिलिंडरबद्दल तर बोलायलाच नको. २०० बार (बार म्हणजे दाबाचं माप) भरायचं ते धडाधड, व्हॉल्व्ह एकदम उघडून. दाबली गेलेली हवा तापते, काटा २००वर जातो, थंड झाल्यावर १८५ दाखवतो. मग म्हणे "लीक आहे". अरे, सावकाश भरा, थंड होऊ द्या, मग बघा! पावसाळ्यात हातपंपानं भरता तेव्हा फिल्टरमधल्या ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या दाण्यांचा रंग तरी बघता का? आपल्याकडच्या जुलैतली ओल सरळ व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवर सोन्यासारखं काम होतं हे मान्य, पण सिलिंडर भरताना जोडायचा २०० बारचा अडॅप्टर घरगुती नकोच. तो सुटला तर हात जाईल. आणि वेल्डिंगचा ऑक्सिजन भरायचा विचारसुद्धा मनात आणू नका. ग्रीसचा अंश आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचं आयुष्य बनवल्यापासून बहुतेक १० वर्षं. ती मुदत उलटली की सिलिंडर बाद, मग तो कितीही चकचकीत दिसू दे. पोराच्या गालाला लागून २०० बार असतात हो! आज घरी गेल्यावर ती तारीख वाचा.