हायड्रॉलिक ड्रॉइंग रीडिंगच्या बॅचवर आलेल्या २ स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू परवा वाचला. लगेच उत्तर देणार होतो पण म्हटलं आधी तुमच्या बॅचची माझी वही काढून बघतो, नक्की काय शिकवलं गेलं ते, मग बोलतो.

तुम्ही लिहिलंय की पाच दिवसातले पहिले तीन दिवस नुसती पेन्सिलने चिन्हं काढायला लावली, पॉवर पॅकला (मोटर, पंप आणि तेलाची टाकी असलेल्या युनिटला) हात लावू दिला नाही, एनओ-एनसी (नॉर्मली ओपन, नॉर्मली क्लोज) एकदा असं सांगितलं एकदा तसं, आणि इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे मोजमापाच्या उपकरणांचा भाग, शेवटच्या दुपारी दोन तासात उरकलं.

शेवटचं पहिलं घेतो कारण ते शंभर टक्के खरं आहे. पीआयटी आणि पीएसएच मध्ये फरक काय हे तुम्ही विचारलंत आणि मी "चहानंतर सांगतो" म्हणून ते राहूनच गेलं, वहीत तसं लिहूनही ठेवलंय. तर आत्ता सांगतो. पहिलं अक्षर काय मोजायचंय ते, पी म्हणजे प्रेशर. पीआयटी म्हणजे इंडिकेटिंग ट्रान्समीटर, जागेवर आकडा दाखवतो आणि प्रेशरप्रमाणे सतत कमीजास्त होणारा सिग्नल पाठवतो, बहुतेक ठिकाणी ४ ते २० मिलीअँपिअर. सुरुवात ४ पासून, शून्यापासून नाही, म्हणजे पॅनलला शून्य मिलीअँपिअर आलं तर प्रेशर नाही असं नसून वायर तुटलीय किंवा सप्लाय गेलाय हे कळतं. पीएसएच हा साधा स्विच, ठरवलेल्या प्रेशरच्या वर गेलं की कॉन्टॅक्ट बदलतो, बाकी तो काही सांगत नाही. आणि ड्रॉइंगमध्ये इन्स्ट्रुमेंट गोलाने दाखवतात, त्या गोलातली रेघ, ती नसली तर इन्स्ट्रुमेंट तिथेच पाइपवर आहे, सलग आडवी रेघ असली तर मेन पॅनलवर ऑपरेटरसमोर, तुटक रेघ असली तर पॅनलच्या मागे.

आता एनओ-एनसी. इथे मी चुकीचं सांगितलं नाही दादा, पण का उलटं होतं ते नीट समजावलं नाही हे कबूल. इलेक्ट्रिकलवाल्याला क्लोज म्हणजे सर्किट पूर्ण, करंट चालू. आपल्याला व्हॉल्व्ह क्लोज म्हणजे रस्ता बंद, तेल पुढे जात नाही. म्हणजे एनसी कॉन्टॅक्टमधून करंट जातो आणि एनसी व्हॉल्व्हमधून काहीच जात नाही, आणि एकाच मशीनच्या फाइलमध्ये हे दोन्ही शेजारी शेजारी असतात. तुटक रेषेचंही तेच. हायड्रॉलिक सर्किटमध्ये, म्हणजे आयएसओ १२१९ या स्टँडर्डप्रमाणे काढलेल्यात, तुटक रेषा म्हणजे पायलट (प्रेशरने व्हॉल्व्हला इशारा देणारी लाइन) किंवा ड्रेन (गळतीचं तेल टाकीला नेणारी लाइन), तिच्यात तेल असतं. प्लांटच्या पी अँड आयडीमध्ये (पाइप आणि इन्स्ट्रुमेंट दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये), आयएसए ५.१ या स्टँडर्डप्रमाणे, तीच तुटक रेषा म्हणजे इलेक्ट्रिक सिग्नल, म्हणजे वायर. एक वाचून दुसऱ्यावर गेलेला माणूस इथे हमखास अडकतो, म्हणून या विषयाला अख्खा दिवस पाहिजे होता आणि मी दोन तास दिले.

तुम्ही लिहिलं नाहीत ते मीच सांगतो, त्या बॅचच्या झेरॉक्स खराब होत्या. शाई पसरून तुटक रेषा सलग दिसत होत्या. रिलीफ (जादा प्रेशर टाकीला सोडणारा) आणि रिड्यूसिंग (पुढचं प्रेशर कमी ठेवणारा) व्हॉल्व्हचं चिन्ह जवळपास सारखंच असतं, चौकोन, बाण, स्प्रिंग, फरक एवढाच की रिलीफमध्ये बाण रेषेपासून सरकलेला आणि पायलट इनलेटकडून, रिड्यूसिंगमध्ये बाण रेषेवर आणि पायलट आउटलेटकडून, शिवाय टाकीकडे वेगळी ड्रेन. ती पायलटची बारीक तुटक रेषाच नीट दिसत नसेल तर विद्यार्थ्याने ओळखायचं कशावरून. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पण पहिल्या तीन दिवसांबद्दल मी माघार घेणार नाही, आणि का ते मनापासून सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी चाकणच्या बाजूला एका प्रेसवर ब्रेकडाउनला गेलो होतो. उभा सिलिंडर, रॉड खाली, लोड लटकलेला, मशीन थांबवलं की रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) हळूहळू खाली उतरायचा. आम्ही सील गेलं म्हणून किट बदललं. तरी उतरतो. मग पायलट चेक (लोड धरून ठेवणारा, पायलटचं प्रेशर आलं तरच उघडणारा व्हॉल्व्ह) नवीन टाकला, तरी तेच. दोन शिफ्ट गेल्या. शेवटी ड्रॉइंग पसरून बोटाने रेषा धरत गेलो तेव्हा दिसलं की ४/३ व्हॉल्व्हचा (चार पोर्ट, तीन स्थिती) मधला चौकोन ड्रॉइंगमध्ये असा आहे की पी, म्हणजे पंपाकडचा पोर्ट, बंद आणि ए, बी हे सिलिंडरकडचे दोन्ही टाकीला जोडलेले. आणि मशीनवर आधीच्या कोणीतरी बसवलेला व्हॉल्व्ह बघितला तर साइज तीच, चार बोल्ट तेच, कॉइल तीच, फक्त नेमप्लेटवरच्या नखाएवढ्या चिन्हात मधले चारही पोर्ट बंद. स्पूलमधून, म्हणजे व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्याजवळून, थोडं तेल झिरपतंच, त्याला टाकीला जायला वाट नाही म्हणून ते वरच्या ए लाइनमध्ये साठायचं, तिथलं प्रेशर वाढून पायलटमधून चेक उघडा धरायचं आणि खालचा लोड सुटायचा. स्पूल बदलला, रॅम जागेवर थांबला. त्या रॅमखाली ऑपरेटर डाय पुसायला हात घालत होता दादा. ते आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

म्हणून मी चिन्हं गिरवून घेतो. ड्रॉइंगमधला व्हॉल्व्ह नेहमी आरामातल्या स्थितीत काढलेला असतो, कॉइलला करंट दिल्यावर शेजारचा चौकोन सरकून पाइपांवर येतो हे मनात हलवून बघावं लागतं, आणि ते व्हिडिओ बघून येत नाही, प्रत्येक स्थितीसाठी तेल कुठून कुठे गेलं हे हाताने रंगवावं लागतं. अ‍ॅक्युम्युलेटरचं (प्रेशरखाली तेल साठवणाऱ्या बाटलीचं) चिन्ह ज्याला ओळखता येत नाही त्याला मी पॉवर पॅकला पाना लावू देणार नाही, कारण मोटर बंद केली तरी नायट्रोजनने दाबलेलं तेल आत तसंच असतं.

पुढच्या बॅचपासून कोर्स सहा दिवसांचा, फी तीच, सहावा दिवस पूर्ण इन्स्ट्रुमेंटेशनला, आणि ड्रॉइंग झेरॉक्स न देता मोठ्या कागदावर प्रिंट करून. तुमच्या बॅचच्या सगळ्यांसाठी तो सहावा दिवस येत्या रविवारी सकाळी ९ ला भोसरीत ठेवलाय, पैसे नाहीत. तुमच्या कंपनीतल्या एखाद्या मशीनचं ड्रॉइंग साहेबांना विचारून आणता आलं तर आणा, त्याच्यावरच बसू. मोबाइलवर फोटो काढून आणणार असाल तर जवळून तुकड्या तुकड्याने काढा, तुटक रेषा दिसल्या पाहिजेत.