लघुपटांना जिल्ह्यांतही पडदा मिळावा

समलैंगिक, तृतीयपंथी अशा व्यक्तींच्या जगण्यावरील चित्रपट दाखवणाऱ्या मुंबईच्या ‘कशिश’ महोत्सवावरील तुमच्या लेखात मोठ्या चित्रपटांची सविस्तर दखल घेतली आहे, लघुपटांची मात्र एका वाक्यात बोळवण झाली, याचे वाईट वाटले. २०१० साली, म्हणजे प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असे ठरवणाऱ्या, कलम ३७७ बाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाच्या कितीतरी आधी, सुरू झालेल्या या महोत्सवात हाताशी फारसा पैसा नसलेल्या नवोदितांना आपले म्हणणे मांडायला लघुपटाचाच आधार असतो.

दिग्दर्शक रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाने २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवाचे मोठे पारितोषिक मिळवले, त्याचे कौतुक सर्वत्र झाले, पण त्याआधीच्या त्यांच्या ‘उ उषाचा’ या लघुपटातली शेतमजूर, निरक्षर उषा शाळेतल्या शिक्षिकेच्या ओढीने अक्षरे गिरवू लागते, हे किती जणांना ठाऊक आहे? तिथे प्रेम आणि शिक्षण वेगळे काढताच येत नाही, आणि हे सारे गावच्या मातीतले आहे.

महोत्सव संपला की असे लघुपट सहसा चित्रपटगृहात लागत नाहीत. म्हणून नाशिक, सोलापूर, लातूर येथील महाविद्यालयांनी आणि फिल्म सोसायट्यांनी ते आवर्जून दाखवावेत, आणि खेळाला मुलांबरोबर पालकांनाही बोलवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.