शंभर टक्के खात्री मागणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा लागला की आमच्या निपाणी-चिक्कोडीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोच: "शास्त्रज्ञांनी शंभर टक्के खात्री असेल तरच सरकारला सांगावं, नाहीतर गप्प बसावं. इटलीत भूकंप सांगता आला नाही म्हणून जेलमध्ये टाकलं, आपल्याकडं 'शक्यता आहे' म्हणायला पगार." काल मामांनीपण टाकला, म्हणून लिहितोय.

आधी इटलीचं बघू. 2009 मध्ये तिथल्या लाक्विला शहरात कित्येक महिने बारीक धक्के बसत होते, लोक घाबरलेले, आणि नागरी संरक्षण खात्याच्या उपप्रमुखानं टीव्हीवर सांगितलं की धोका नाही, उलट ताकद थोडी थोडी बाहेर पडतेय ते बरंच, निवांत वाईन प्या. 6 एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला, 309 माणसं गेली. 2012 ला सहा शास्त्रज्ञ आणि हा अधिकारी, सगळ्यांना सहा-सहा वर्षं सुनावली ती भूकंप सांगता आला नाही म्हणून नव्हे, धोका नीट न जोखता लोकांना खोटा धीर दिला म्हणून. 2014 ला अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. म्हणजे मेसेजवाल्याला पाहिजे तसं ठामच बोलले की तिथं, आणि तेच नडलं.

दुसरं, "गप्प बसावं". आमच्याकडचं घटप्रभा नदीवरचं हिडकल धरण घ्या. ऑगस्टच्या सुरुवातीला ते किती भरून ठेवायचं? काठोकाठ भरलं आणि वर कोसळला की एकदम दारं उघडायला लागतात, घटप्रभेकाठची गावं पाण्यात, 2019 चा महापूर कुणी विसरलंय काय. रिकामं ठेवलं आणि पाऊस पळाला तर उन्हाळ्यात बोंब. शास्त्रज्ञ गप्प बसले तरी इंजिनिअरला काहीतरी आकडा धरायलाच लागतो, मग तो अंदाजपंचे धरणार. त्यापेक्षा शक्यता किती, असं चुकलं तर कुणाचं नुकसान आणि तसं चुकलं तर कुणाचं, एवढं त्यांनी मांडावं. कुणी सोसायचं ते निवडून आलेल्यांनी ठरवावं, सही करून. हल्ली उलटंच चाललंय, निर्णय अंगाशी आला की "तज्ज्ञांनी सांगितलं होतं" म्हणून मोकळे.

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट म्हणून डीसी (जिल्हाधिकारी) साहेब शाळांना सुट्टी देतात आणि दिवसभर कडक ऊन पडतं, तेव्हा मीपण शिव्या घालतो, खोटं कशाला बोलू. पण ऑरेंज म्हणजे 'तयारीत राहा', 'पडणारच' असं कुणी लिहून दिलेलं नसतं.

"शास्त्रज्ञ मत बदलतात" म्हणून खाली कमेंटी असतातच. हवेतला ओझोनचा थर वाचवायचा मॉन्ट्रियल करार 1987 ला झाला तेव्हा अंटार्क्टिकावर त्या थराला पडलेल्या भोकाचं कारण अजून वादात होतं, तरी सह्या केल्या आणि दर चार वर्षांनी तरी नवी माहिती बघून आढावा घ्यायचं करारातच घातलं. पुढं पुरावे आले तसे नियम कडक केले. याला मत बदलणं म्हणायचं असेल तर म्हणा.

हे सगळं मामांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, ते राहू दे, दूधगंगेकाठच्या रानात सोयाबीन टाकू की नको तेवढं सांग.

म्हटलं, पाणी चढायची शक्यता आहे.