हजेरी कंपनीची, मोबाईल कोणाचा?

वाळूज, बजाजनगर, मोहटादेवी चौक. पहिली शिफ्ट सुटलेली. ओट्यावर चौघं: एचआरवाला, आयटीवाला, लाइनवरचा ट्रेनी अन् वकील. विषय हजेरीच्या ॲपचा.

“पंच करायला लोकेशन पाहिजे, कबूल,” ट्रेनी म्हणला. “पण ‘कायम परवानगी’ काहून मागायलंय ते? शिफ्ट सुटल्यावर मी कुठं फिरतो याच्याशी कंपनीला काय करायचंय?”

“लपवायसारखं काय आहे तुझ्याकडं?” एचआरवाला. “इन्स्टावर तर सगळं गाव बघतंय तुम्हाला.”

“इन्स्टावर मी टाकतो, काढायचं तर मीच काढतो. तुमच्याकडून कोण काढणार?”

एचआरवाल्यानं चहा ढवळला. चहात साखर विरघळून गेली होती कधीच.

आयटीवाला मधी पडला. “पंचपुरतं असेल तर कायमची परवानगी लागतच नाही. सेटिंग, लोकेशन, ॲपच्या परवानग्या, त्यात हजेरीचं ॲप, अन् ‘ॲप वापरत असतानाच’ निवडायचं. कायमची लागते ती बाहेर फिरणाऱ्या सेल्सवाल्याला, ज्याचा पेट्रोल भत्ता किलोमीटरवर निघतो. फक्त ‘अचूक लोकेशन’ बंद करू नका. अँड्रॉइड १२ पासून ते बटण वेगळं आलंय. पोरं तेच बंद करतात, मग ॲपला ढोबळ जागा मिळते अन् पंच लागत नाही.”

“चालू ठेवलं तरी लागत नाही, त्याचं काय? मशीनपाशी उभं राहून गैरहजर!”

“पत्रा, गड्या. उघड्यावर जीपीएस पाचेक मीटरच्या फरकानं जागा सांगतं. शेडमधी उपग्रहाचा सिग्नल नीट पोचत नाही, पोचला तर पत्र्यावर आदळून येतो. मग फोन वायफायवरून, टॉवरवरून अंदाज बांधतो, अन् तो अंदाज शंभर-दोनशे मीटरनं सहज चुकतो. तुम्ही ॲपमधी पंचाची हद्द आखली ५० मीटरची, म्हणजे पोरगा शेजारच्या प्लॉटमधी दिसणार. पंच गेटवर उघड्यावर घ्या, नाहीतर हद्द वाढवा.”

एचआरवाल्यानं हे मात्र वहीत टिपून घेतलं. पगार कापल्याच्या तक्रारी त्याच्याच टेबलावर येतात.

खरं तर कट्ट्यावर अशा वेळी सगळा राग साहेबाच्या पाळतीवर निघतो. माहिती मात्र गळते ती कंत्राटदाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून. नवीन भरतीची आधारची पीडीएफ, बँक पासबुकाचा फोटो, सगळं एकाच ग्रुपवर, अन् ग्रुपात सुपरवायझरपासून गाडीवाल्यापर्यंत सगळे.

“पीडीएफला पासवर्ड असतो की,” ट्रेनी म्हणला.

“पासवर्ड काय, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमधी अन् जन्मसाल,” आयटीवाला म्हणला. “ त्याच ग्रुपवर भरतीची यादी पडलेली असते, नाव अन् जन्मतारखेसकट. कुलपाशेजारीच किल्ली टांगलेली!”

उपाय साधा. गेटपाससाठी मास्क्ड आधार द्यायचं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहायचं: कंपनी, काम, तारीख.

“पीएफला मास्क्ड चालत नाही,” एचआरवाला लगेच. बरोबर आहे. पीएफसाठी पूर्ण नंबर लागतो. तो एचआरच्या हातात द्यावा, ग्रुपवर नाही. शिवाय आधारच्या साइटवर नाहीतर आधारच्या ॲपमधी बायोमेट्रिक लॉक करून ठेवावं. आधार अन् ठसा जुळवून बँकेतून पैसे निघतात, ती वाट तेवढी बंद होते. ठसा द्यायची वेळ आली की थोड्या वेळापुरतं उघडता येतं.

“अन् ऑफिसच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब? इन्कॉग्निटोत उघडलं तर?” ट्रेनी म्हणला.

“इन्कॉग्निटो फक्त त्या ब्राउझरमधली हिस्ट्री ठेवत नाही,” आयटीवाला म्हणला. “ कंपनीच्या नेटला कुठली साइट उघडली ते दिसतंच. मेसेज वाटेत कुलूपबंद असतात, पण कॉम्प्युटरवर स्क्रीनचे फोटो काढणारं सॉफ्टवेअर असेल तर कुलूप काय कामाचं? पडद्यावर तर ते उघडंच दिसायलंय. अन् क्रोममधी स्वतःचं जीमेल टाकून सिंक चालू केलं, की घरचे सेव्ह केलेले पासवर्ड ऑफिसच्या मशीनवर उतरले. हे सगळ्यात जास्त होतं.”

स्वतःच्या अँड्रॉइड फोनवर कंपनीचा मेल घ्यायचाच असेल तर वर्क प्रोफाइल, म्हणजे ऑफिसच्या ॲपचा वेगळा कप्पा, मागावं. ऑफिसच्या ॲपवर छोटी बॅग दिसते, नोकरी सुटली की कंपनी तेवढाच भाग पुसते, घरचे फोटो तिला दिसत नाहीत. फोन कंपनीनंच दिलेला असला तर हा हिशोब लागू नाही.

वकील आतापर्यंत गप्प होता. “२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचा लई भरवसा धरू नका. कलम ७ मधी नोकरीच्या कामासाठी अन् कंपनीचं नुकसान टाळायला संमती न घेता माहिती वापरायची मुभा आहे. पण नीट सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मधी आले, अन् मोठ्या जबाबदाऱ्यांना त्यात १८ महिन्यांची मुदत आहे.”

“म्हणजे तवर आमचं बोट त्यांच्याकडंच,” ट्रेनी म्हणला. “नोकरी सोडली तर मशीनमधला ठसा निघतो का?”

“आम्ही नावापुढं ‘लेफ्ट’ मारतो की,” एचआरवाला.

“त्यानं पगाराच्या यादीतून नाव गेलं,” आयटीवाला म्हणला. “ठसा सर्व्हरवर वेगळा काढायचा, गेटच्या मशीनवर वेगळा, कॅन्टीनच्या मशीनवर वेगळा. एक राहिला तर काही सिस्टिममधी पुढच्या सिंकला परत वर चढतो. पासवर्ड बदलता येतो, बोट कुठून बदलणार?”

“कॅन्टीनचं मशीन तर कंत्राटदाराचं आहे,” एचआरवाला हळूच म्हणला.