आणखी चार वर्षे हेच?

अमेरिकेत २००४ची अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली आहे आणि जॉर्ज बुश पुन्हा निवडून येतील, या विचारानेच पोटात गोळा येतो. २००० साली फ्लोरिडातल्या अवघ्या ५३७ मतांच्या फरकावर अध्यक्ष झालेल्या या माणसाने महासंहारक अस्त्रांचा धाक दाखवून इराकवर युद्ध लादले. ती अस्त्रे अजून सापडलेली नाहीत, हजाराहून अधिक अमेरिकी सैनिक मात्र जिवानिशी गेले. इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात अमेरिकी सैनिकांनी केलेल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रे पाहूनही कोणाला लाज कशी वाटत नाही? दर भाषणात ११ सप्टेंबरचा हल्ला, दर काही महिन्यांनी दहशतवादी हल्ल्याच्या धोक्याचा सरकारी नारिंगी इशारा; माणसांना आणखी किती घाबरवणार? समोरच्या घरातला मुलगा इराकमध्येच लढतो आहे. काल त्याच्या आईने अंगणातल्या झाडाची विटलेली पिवळी फीत, लढायला गेलेल्याची वाट पाहत असल्याची खूण, सोडून नवी बांधली आणि त्याच झाडाखाली बुश यांच्या प्रचाराची पाटी रोवली. मला रडूच आले.