युनिव्हर्सल म्हणे! कुठल्या विश्वात बसतो हा अडॅप्टर?

ज्या कोणा महाभागाने कॅमेरा दुर्बिणीला जोडायच्या त्या अडॅप्टरच्या खोक्यावर ‘युनिव्हर्सल’ हा शब्द छापला, त्याला मला एकदा जानेवारीत पहाटे साडेसहाला नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात न्यायचंय. हातमोजे न घालू देता. निफाडच्या थंडीत बोटं बधिर झालेली असताना ते तीन चिमुकले स्क्रू फिरवून दाखव म्हणावं. एकही स्क्रू गवतात पडला नाही, तर चहा माझ्याकडून. माझे दोन पडले. एक अजून तिथेच आहे.

मागणी काय हो माझी? घरात स्पॉटिंग स्कोप, म्हणजे पक्षी बघायची एकनळी दुर्बीण आहे, पुढची काच ६० मिमीची, कपाटात एक धडधाकट कॉम्पॅक्ट कॅमेरा पडून आहे. कॅमेऱ्याचं नाक स्कोपच्या आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला लावायचं आणि ते तिथे सरळ, घट्ट राहायचं. बस. स्कोप वीस पट मोठं दाखवतो, कॅमेरा १०० मिमीच्या झूमवर ठेवला की हिशेबाने झाली २००० मिमीची लेन्स. तेवढी खरी लेन्स घ्यायची तर मला सिडकोतलं घर विकावं लागेल, आणि मग फोटो कुठल्या भिंतीवर लावू?

बरं, हे काही मी एकट्याने काढलेलं खूळ नाही. १९९९ च्या सुमारास मलेशियातल्या लॉरेन्स पो या पक्षीनिरीक्षकाने डिजिटल कॅमेरा स्कोपला लावून बघितला आणि मग जगभरचे लोक त्या नादाला लागले. पुढच्या दोन-तीन वर्षांत निकॉनचे कूलपिक्स ९९०, ९९५, ४५०० असे कॅमेरे आले. त्यांची लेन्स झूम करताना बाहेर यायचीच नाही, सगळी हालचाल पोटातल्या पोटात. शिवाय पुढे २८ मिमीचे आटे. रिंग फिरवली की काम झालं. एवढी सोपी गोष्ट होती, म्हणूनच ती बंद झाली असणार.

माझ्या कॅमेऱ्याला पुढे आटे नाहीत. ऑन केला की नळी घुं घुं करत बाहेर येते. किती, ते तिच्या मर्जीवर. ऑनलाइन अकराशे रुपये मोजून मागवलेला तो अडॅप्टर पहिल्यांदा लावला तेव्हा बाहेर येणारी नळी थेट आयपीसवर आपटली. स्क्रीनवर ‘लेन्स एरर’. कॅमेरा बंद. माझ्या छातीत धस्स. बॅटरी काढून परत घातली, देवाचं नाव घेतलं, तेव्हा कुठे तो शुद्धीवर आला. मग थोडं अंतर सोडून लावला. तर नळी पूर्ण बाहेर आल्यावर फोटोत काय? काळ्या पडद्यात एक गोल भोक आणि भोकात बदक. कुलपाच्या छिद्रातून चोरून बघितल्यासारखं.

याचं कारण मला कळत नाही अशातला भाग नाही. आयपीसमधून बाहेर पडणारा उजेडाचा झोत बारीक असतो. ६० भागिले २०, म्हणजे तीन मिमी. आयपीसच्या मागे ठरावीक अंतरावर तो सगळ्यात बारीक होतो, आणि कॅमेऱ्याचं बुबुळ, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, नेमकं तिथे आलं पाहिजे. जरा मागे-पुढे झालं की कडा काळ्या, जरा बाजूला सरकलं की अर्धचंद्र. आता सांगा, जिथे दोन मिमीने फोटो बिघडतो तिथे ‘२८ ते ४५ मिमी सगळ्या आयपीसना बसतो’ हे कुठलं माप झालं? बसतो म्हणजे काय, लटकतो! माझा आयपीस जरा निमुळता आहे, वर रबराचा कप. त्या रबरावर तीन स्क्रू आवळले की रबर दबतं, अडॅप्टर तिरका होतो, आणि कॅमेऱ्याच्या वजनाने सगळा डोलारा हळूहळू मान टाकतो.

आणि हो, ट्रायपॉडचा आटा! कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेला तो पाव इंची आटा लेन्सच्या बरोब्बर खाली असावा, ही साधी अक्कल कॅमेरे बनवणाऱ्यांना का नसावी? माझ्या कॅमेऱ्याचा आटा एका कोपऱ्यात, बॅटरीच्या झाकणाला खेटून. ब्रॅकेटवर कॅमेरा लावला की लेन्स एकीकडे, आयपीस दुसरीकडे, जशा भांडलेल्या जावा-जावा. बॅटरी बदलायची तर सगळं खोला, पुन्हा जुळवा.

शेवटी म्हटलं, नाशिकमध्ये राहतो, सातपूर एमआयडीसी हाकेच्या अंतरावर, आणि एक रिंग करून मिळू नये? आयपीसची मापं व्हर्नियरने घेतली, कागदावर चित्र काढलं, एका वर्कशॉपमध्ये गेलो. लेथवरच्या माणसाने चित्र नीट बघितलं. बघितलं म्हणजे खरंच बघितलं, दोन शंकाही विचारल्या. मला वाटलं, सुटलो.

‘किती नग?’

‘एक.’

‘एक हजार?’

‘एकच हो. एक.’

त्याने कागदाची घडी घालून अदबीने परत दिली. ‘साहेब, एका नगाला सेटिंग परवडत नाही. पन्नास करा, लगेच घेतो.’ पन्नास! नाशिक जिल्ह्यात असल्या उद्योगात पडलेली पन्नास डोकी असती तर मी असा एकटा वैतागलो असतो का?

मग रविवार कारंज्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पाइप जोडायचा पीव्हीसीचा कपलर आणला, आतून पॉलिश पेपरने घासला, सायकलच्या ट्यूबचा पट्टा चिकटवला. घरात पांढरा भुगा. बायको म्हणाली, ‘नळाला गळती आहे, तिथे हे कौशल्य दाखवा की.’ सासरेबुवा फोनवर म्हणाले, ‘मोबाईलने काढा ना जावईबापू, हल्ली सगळे मोबाईलनेच काढतात.’ हे वाक्य आणखी एकाने म्हटलं तर मी त्याच्याशी बोलणं सोडणार आहे. माझ्या मोबाईलला मागे तीन डोळे आहेत. झूम केलं की तो मला न विचारता डोळा बदलतो, आणि आयपीससमोर भलताच डोळा येतो. सगळं काळं.

असो. तर कपलर घेऊन गेल्या रविवारी चाळीसेक किलोमीटर गाडी हाणत नांदूर मधमेश्वरच्या काठच्या चापडगावला गेलो. रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली जागा आहे ही, गोदावरी आणि कादवाच्या संगमावरची. पक्ष्यांना तोटा नाही. मनोऱ्यावर स्कोप लावला, आणि समोर लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी. उन्हात निळी-जांभळी नुसती चमकत होती. एका पायावर उभी, दुसऱ्या पायाच्या लांब बोटांत देठ धरून, आपण ऊस सोलावा तसा सोलून खात होती. लाल चोच, कपाळावर लाल टिकली. डोळ्याला इतकं स्वच्छ दिसत होतं की देठातून ठिबकणारं पाणीही दिसलं.

कपलर लावला. घट्ट बसला! कॅमेरा ऑन, नळी बाहेर, आपटली नाही. जरा झूम केला, काळ्या कडा गेल्या. हात लागून हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला. दोन... एक... आणि पीव्हीसी थंडीत आकसलं की ट्यूबचा पट्टा सुटला, देव जाणे, कॅमेरा हळूच खाली वाकला. फोटोत उत्तम लव्हाळं आलंय. कोंबडी नाही.

मी खाली बसून पट्टा शोधतोय, तेवढ्यात मागून एक कॉलेजचा पोरगा आला. ‘काका, बघू का जरा?’ बघ म्हटलं. त्याने बघितलं, खिशातून मोबाईल काढला, नुसता हाताने आयपीसला टेकवला, एकदा डावीकडे-उजवीकडे हलवला, टिचकी मारली. मोबाईलची लेन्स एवढीशी, बुबुळ अगदी तोंडाशी, म्हणून जमतं ते. मला माहीत आहे का जमतं ते! म्हणून तर जास्त चीड आली.

‘काका, भारी आला! नंबर द्या, पाठवतो.’

पाठवला. पायातला देठसुद्धा दिसतोय. डाव्या कोपऱ्यात किंचित काळं आलंय, पण आहे भारी. घरी अजून कोणाला दाखवलेला नाही.