सदर इसम मुलासोबत राहतो, सबब…

गेल्या महिन्यात मला दोन गोष्टी कागदोपत्री सिद्ध कराव्या लागल्या: मी माझ्या बायकोबरोबर राहतो आणि आमचा मुलगा आम्हा दोघांबरोबर राहतो. ही मागणी करणारे कॅनडाच्या कर खात्याचे पत्र माझ्याच नावाने, माझ्याच घराच्या पत्त्यावर बिनचूक येऊन पडले होते आणि मी ते फोडले तेव्हा मुलगा माझ्या खांद्यावर बसलेला होता. खांद्यावर बसलेला मुलगा ग्राह्य पुराव्यांच्या यादीत नव्हता.

कॅनडात मुलांच्या संगोपनासाठी ‘कॅनडा चाइल्ड बेनिफिट’ या नावाने दरमहा जी रक्कम मिळते, ती समाजकल्याण खाते वाटत नाही, कर खाते वाटते. नवरा-बायको दोघांनीही, कमाई शून्य असली तरी, विवरणपत्र भरायचे. खात्याने दोघांच्या निव्वळ उत्पन्नाची बेरीज करून जुलैपासून पुढच्या जूनपर्यंतचा हप्ता ठरवायचा आणि बहुधा वीस तारखेला पैसे बँकेत जमा करायचे, अशी एकंदर रीत आहे. मुलाची आई घरात असेल, तर मुलाला तीच सांभाळते असे कायदा गृहीत धरतो. आमच्या घरी बायको रात्रपाळी करते आणि मुलाचे डबे, दात, गृहपाठ व रडणे ही खाती माझ्याकडे आहेत, त्यामुळे हप्ता माझ्या नावावर यावा म्हणून तिला पूर्वीच सहीनिशी लिहून द्यावे लागले होते की, मुलाचा सांभाळ प्रामुख्याने हेच करतात. अकरा वर्षांच्या संसारात तिने माझ्याविषयी लेखी काढलेले हे एकमेव बरे उद्गार, तेही सरकारने मागितले म्हणून. खात्यालाही ते अतिशयोक्त वाटले असावेत.

यात तक्रारीला जागा नाही, हे मला कळते. 1945 साली या देशात कुटुंबभत्ता सुरू झाला, तेव्हा क्विबेक प्रांतात तो वडिलांच्या नावाने द्यायचे ठरत होते. तेरेझ कॅसग्रेन या स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या बाईंनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि धनादेश आईच्या हाती पडेल असे पाहिले. बाईंचे म्हणणे शंभर टक्के योग्य होते. इतक्या वर्षांनी त्याची झळ नेमकी मला लागावी, एवढेच काय ते मनाला लागते.

तर पुराव्यांच्या प्रती काढण्यासाठी मी वाचनालयातल्या झेरॉक्स यंत्रापाशी उभा होतो आणि भाडेकराराचे शेवटचे पान सापडत नसल्याचे बायकोला फोनवर सांगत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला, “शेवटच्या पानाशिवाय करार म्हणजे सहीशिवाय देयक. परत येणार.” वळून पाहिले, तर कानटोपी घातलेले एक काका अत्यंत प्रसन्न मुद्रेने माझ्या कागदांकडे पाहत होते. महाराष्ट्रातल्या एका कोषागारातून चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालेले हे गृहस्थ मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले होते आणि आल्यापासून त्यांच्या नजरेस एकही सरकारी कागद पडलेला नव्हता. उपाशी माणसाला पंगत दिसावी तसे त्यांचे झाले.

“कसले प्रकरण आहे?” त्यांनी विचारले. मी थोडक्यात सांगितले.

“म्हणजे कर खाते तुम्हाला पैसे देते?”

“हो.”

“घेते, असे म्हणायचे असेल तुम्हाला.”

“घेतेही. पण हे देते.”

काकांनी कानटोपी काढून हातात घेतली. “हे मांजराला दुधाच्या वाटपावर बसवण्यासारखे झाले,” ते म्हणाले. “पत्र दाखवा पाहू.”

पत्र त्यांनी उभ्याने वाचले, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचले. लोक गाण्याच्या मैफलीत जसे ऐकतात तसे ते वाचत होते. पहिल्या परिच्छेदाला नुसती मान हलली. “आपण व आपला जोडीदार एकाच पत्त्यावर राहत असल्याचे दर्शवणारी कागदपत्रे” या जागेवर त्यांचा हात आपोआप वर गेला. मुदतीत उत्तर न मिळाल्यास हप्ते थांबतील आणि दिलेली रक्कमही परत मागितली जाऊ शकेल, या शेवटच्या वाक्यावर तर त्यांनी डोळे मिटून “वाः” म्हटले.

“काका, इथे माझे पैसे अडकले आहेत.”

“ते आहेच हो. पण आक्षेप किती सुरेख काढला आहे! एक शब्द जास्त नाही, आणि पळायला वाट नाही. आमच्याकडे अलीकडची मुले त्रुटी काढतात, त्यात नुसता उद्धटपणा असतो. याला घराणे आहे.”

मग त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. विजेच्या बिलावर फक्त बायकोचे नाव का आहे? शाळेने दिलेल्या पत्रात “आमच्या नोंदीनुसार” असे का म्हटले आहे. म्हणजे शाळेला खात्री नाही काय? भाडेकरारात सदनिकेचा क्रमांक आधी आणि विजेच्या बिलात नंतर लिहिलेला आहे, तेव्हा ही घरे दोन नसून एकच असल्याचा पुरावा कोणता? आयुष्यात प्रथमच मला स्वतःच्या घराविषयी शंका येऊ लागली. मी चिडून म्हणालो की, याच खात्याला मी माझे उत्पन्न कळवतो तेव्हा ते माझा शब्द प्रमाण मानते, एक पावतीही जोडावी लागत नाही.

“पावत्या फेकून देता?”

“नाही, सहा वर्षे जपून ठेवाव्या लागतात. कधीही मागू शकतात.”

“सहा वर्षे,” काका हळूच म्हणाले. नातवंडाचे नाव घ्यावे, अशा स्वरात.

महामारीच्या काळातला प्रकार सांगून मी चूक केली. 2020 साली काम बुडालेल्यांना याच खात्यामार्फत दर चार आठवड्यांना 2,000 डॉलर दिले गेले. मी पात्र आहे, एवढे स्वतःच सांगायचे की पैसे जमा. आणि पुढे अनेकांना पत्रे गेली की, आपण पात्र नव्हता, रक्कम परत करावी. काकांनी समाधानाने मांडीवर थाप मारली. “आधी अग्रिम, मग वसुली! शास्त्रशुद्ध आहे.”

मला मात्र त्या क्षणी हसू आले नाही. माझ्याकडे निदान करार आहे, बिल आहे आणि ते हुडकायला दुपार मोकळी आहे. जी बाई नवऱ्याचे घर सोडून मुलासह बहिणीच्या बैठकीत गादी टाकून राहते आहे, तिच्या नावाचे विजेचे बिल कुठून येणार? मूल तिच्या कुशीत आहे आणि कागद सगळे त्या सोडलेल्या घरात आहेत. पैशांची निकड सर्वांत जास्त तिलाच, आणि पुरावा सर्वांत कमी तिच्याचपाशी. हे मी काकांना जरा मोठ्यानेच ऐकवले. त्यांनी बराच वेळ कानटोपीचा गोंडा कुरवाळला आणि म्हणाले, “आमच्याकडेही अशा बाया यायच्या.” पुढे ते काही बोलले नाहीत, आणि त्या कागद घेऊन परत जायच्या की पैसे घेऊन, हे मी विचारले नाही.

त्यानंतर, कदाचित भरपाई म्हणून असेल, मी यंत्रासाठी नाणी शोधत असताना त्यांनी माझी संचिका लावून दिली. कागद तारखेप्रमाणे, कडा जुळवलेल्या, वर अनुक्रमणिका. इतके देखणे पाकीट मी आजवर टपालात टाकलेले नव्हते. आता प्रकरण मिटले, असे मी घरी जाहीरही करून टाकले.

परवा दुसरे पत्र आले. कागदपत्रे पोहोचली असून, तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने इंग्रजी वा फ्रेंच नसलेल्या लिपीत काही मजकूर आढळला आहे. त्याचे प्रमाणित भाषांतर पाठवावे. मी माझी स्थळप्रत काढून पाहिली. कोपऱ्यात, सुवाच्य अक्षरात, खाली आडवी रेघ आणि तारखेसह लिहिले होते: ‘नजरेखालून घातले.’

प्रमाणित भाषांतरकार आगाऊ पैसे घेऊन बसला आहे आणि कामाला हात लावण्यापूर्वी विचारतो आहे की, नजर कोणाची.